हिरवळ कीं गिट्टी?

आज ज्या प्रश्नाविषयीं मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें, तो प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परसांत पोहण्याचा एक लहानसा हौद बांधला, तर त्याच्या भोवतालच्या जमिनीवर काय अंथरावें, खडी कीं कृत्रिम हिरवळ? ज्यांच्या घरीं हौद नाहीं, त्यांना वाटेल कीं ही सुखवस्तु माणसांची करमणूक आहे. आपला तिच्याशीं संबंध काय? परंतु हीच कृत्रिम हिरवळ आज गच्चीवर, सज्जांत, बालमंदिरांच्या अंगणांत आणि मंगल कार्यालयांच्या दारांत येऊन पोहोंचली आहे. तेव्हां तिचे गुणदोष ओळखून ठेवणें प्रत्येक गृहस्थाच्या उपयोगीं पडेल. मलाही हा प्रश्न पुस्तकांतून सुचला नाहीं. तो माझ्या थोरल्या बहिणीच्या तळपायानें मला शिकविला.

ही माझी बहीण वाशिमला आपल्या मुलाकडे असते. तिला आम्ही सारे अक्का म्हणतों. वय सत्तरीच्या पुढें, गुडघे थकलेले आणि मधुमेह वीस वर्षांचा जुना. गुडघ्यांवर भार न पडतां हालचाल व्हावी म्हणून कमरेएवढ्या पाण्यांत रोज थोडें चालत जावें, असें डॉक्टरांनीं सुचविलें. भाच्यानें तें मनावर घेतलें. त्याच्या घराचें तोंड पश्चिमेला. मागच्या अंगाला, म्हणजे पूर्वेला, त्यानें पांच मीटर लांब व तीन मीटर रुंद असा हौद बांधून घेतला. उतरण्यासाठीं रुंद पायऱ्या केल्या, धरावयास कठडा बसविला. हौद पुरा झाला आणि घरांत दोन पक्ष पडले.

वऱ्हाडांत खडीला गिट्टी म्हणतात. सुनेचा पक्ष गिट्टीचा. गिट्टी स्वस्त, आपल्याच भागांतल्या खाणींतली, आणि पाऊस पडला तरी चिखल होऊं देत नाहीं, असें तिचें म्हणणें. भाच्याचा पक्ष कृत्रिम हिरवळीचा. गिट्टी अनवाणी पायाला टोंचते, मुलांचे गुडघे फोडते. उलट ही हिरवळ मऊ, बारा महिने हिरवी, तिला ना पाणी घालावयाचें ना ती कापावयाची. निवाडा करण्यासाठीं मामा म्हणून मला बोलावणें आलें, आणि ऐन वैशाखांत मी वाशिमास गेलों.

निवाड्यापूर्वीं मीं आधीं त्या भूमीकडे पाहिलें. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. गांव जुनें आणि पाण्याची कदर जाणणारें. पद्मतीर्थ तेथेंच आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळीं भवानी काळू यांनीं बांधविलेल्या बालाजीच्या देवळाजवळचा तलावही तेथेंच आहे. ही कदर असावी याला कारणही आहे. वाशिम जिल्हा वसला आहे तो एका उंचवट्यावर. येथें पडलेल्या पावसाचा एक भाग काटेपूर्णेसारख्या नद्यांतून उत्तरेकडे पूर्णेला व तापीला मिळतो आणि अरबी समुद्राला जातो. दुसरा भाग पैनगंगेंतून वर्धेला, पुढें प्राणहितेला व गोदावरीला मिळून पूर्वसमुद्राला जातो. आलेलें पाणी दोन्ही हातांनीं वांटून टाकणारी ही भूमि आहे. वाशिम शहराची तहान एकबुर्जीच्या तलावावर भागते, आणि ज्या वर्षीं पाऊस ओढ देतो, त्या वर्षीं नळाला पाणी कोणत्या दिवशीं येणार याची चर्चा घरोघर चालते. अशा गांवीं जमिनीवर जें कांहीं अंथरावयाचें, तें पाणी जिरूं देणारें असलें पाहिजे आणि स्वतः पाणी मागणारें नसलें पाहिजे. ही माझी पहिली कसोटी.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. ही माती कापसाला माऊली आहे, पण बांधकामाला वैरीण. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यांत आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर नुसती गिट्टी पसरली, तर दोन पावसाळ्यांत माती गिट्टीला गिळून टाकते आणि वर पुन्हां चिखल येतो. तिच्यावर नुसती हिरवळ अंथरली, तर ती जागजागीं उंचसखल होते, तिच्या सुरकुत्यांत पाणी सांचतें आणि सांचलेल्या पाण्यावर डांस जमतात. म्हणून वरचा थर कोणताही असो, आधीं काळी माती वीतभर तरी काढून टाकावी, तेथें मुरूम भरून धुमसावा, त्यावर पाणी जाऊं देणारें जाड कापड पसरावें आणि त्यावर गिट्टीचा थर द्यावा. चांगली कृत्रिम हिरवळ बसविणारे कारागीरही हेंच करतात. हिरवळीच्या पाठीला बारीक छिद्रें असतात. त्यांतून उतरलेलें पाणी खालच्या गिट्टींतूनच जमिनींत जातें. हें मीं सांगितलें तेव्हां सूनबाई हंसून म्हणाली, ‘म्हणजे मामा, गिट्टी तर टाकावीच लागणार!’ तिचें म्हणणें खरें होतें. हिरवळ पसंत केली म्हणजे गिट्टी वगळली असें होत नाहीं. गिट्टी उघडी ठेवावयाची कीं झांकावयाची, एवढाच प्रश्न उरतो.

ती उघडी ठेवण्यांत दोष कोणते? यंत्रांत फोडलेल्या काळ्या दगडाच्या खड्याला धार असते. नदींतले गोटे गुळगुळीत असले, तरी पायाखालीं घरंगळतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला घरंगळणारी जमीन म्हणजे संकट. मुलें धांवलीं कीं खडे उडून हौदांत पडतात. तळाची फरशी ओरखडतात, पाणी जाण्याच्या जाळींत अडकतात. झाडाची वाळलेली पानें खड्यांत गुंततात आणि झाडूनें निघत नाहींत. शिवाय सैल दगडांच्या फटींना विंचवाचें भय असतें. लाल विंचू किती घातक आहे, हें कोंकणांतील लोकांनीं फार सोसलें आहे. महाडच्या परिसरांत डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देईपर्यंत तेथें कितीएक कोंवळीं मुलें विंचूदंशानें दगावत असत. ज्या ठिकाणीं माणसें अनवाणी, ओल्या पायांनीं आणि तिन्हीसांजेला वावरणार, त्या ठिकाणीं सैल दगड पसरतांना याचा विचार केलाच पाहिजे.

येथवर भाच्याचीच बाजू वरचढ ठरत होती. परंतु एखाद्या वस्तूचा स्वभाव जाणावयाचा, तर ती कोठें व कशासाठीं जन्मली हें पाहावें. ही हिरवळ आली अमेरिकेंतून. टेक्सास प्रांतांत ह्यूस्टन येथें १९६५ सालीं ॲस्ट्रोडोम नांवाचें एक प्रचंड, वरून झांकलेलें क्रीडागृह उघडलें. छपराला पारदर्शक तक्ते होते आणि आंत खरें गवत लाविलें होतें. पण तक्त्यांतून येणाऱ्या चकाकीमुळें उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. म्हणून तक्त्यांना रंग देण्यांत आला. प्रकाश अडला आणि गवत मेलें. तेव्हां १९६६ सालीं तेथें नायलॉनचें गवत अंथरलें, आणि त्या क्रीडागृहावरूनच त्याला ॲस्ट्रोटर्फ हें नांव पडलें. श्रोतेहो, लक्षांत घ्या: ही वस्तु कामीं आली ती तेथें ऊन पोहोंचत नव्हतें म्हणून. आपण ती विकत आणतों ती वैशाखाच्या उन्हांत पसरण्यासाठीं.

आपल्या देशाची आणि या गवताची पहिली मोठी गांठ पडली ती हॉकीच्या मैदानावर. १९२८ पासून १९७२ पर्यंत प्रत्येक ऑलिंपिक सामन्यांत आपल्या हॉकी संघानें पदक मिळविलें होतें. १९७६ सालीं माँट्रिऑलला प्रथमच कृत्रिम हिरवळीवर सामने झाले आणि आपला संघ सातवा आला. पराभवाचीं कारणें अनेक असतील. पण खऱ्या गवतावर वाढलेल्या आपल्या खेळाडूंना तें मैदान परकें होतें, हें कोणीही मान्य करील. पुढें हॉकीचीं अशीं मैदानें खेळापूर्वीं पाणी मारून भिजविण्याची पद्धत पडली, आणि तें पाणी कमी कसें करतां येईल याची चिंता आज त्या खेळाच्या चालकांना लागली आहे. म्हणजे, या गवताला वाढण्यासाठीं पाणी लागत नाहीं हें खरें. पण त्यावर सुखानें वावरावयाचें तर पाणी लागतें, हेंही तितकेंच खरें.

तें कां लागतें, याचा उलगडा अमेरिकेंतील यूटा प्रांतांतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठानें २००२ सालीं केलेल्या मोजणींत होतो. हवेंतील उष्णता सुमारें ३७ अंश सेल्सिअस असतां तेथल्या कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत तापलेला आढळला. शेजारच्या डांबरी जमिनीपेक्षांही तो अधिक तापला होता. पाणी मारून पाहिलें. ७९ अंशांवर असलेला पृष्ठभाग २९ अंशांवर आला. पण पांचच मिनिटांत तो ४९ अंशांवर आणि वीस मिनिटांत ७३ अंशांवर पुन्हां चढला. खरें गवत आपल्या पानांतून पाण्याची वाफ सोडतें आणि त्यायोगें स्वतःला थंड ठेवतें. प्लास्टिकच्या पात्याला ही विद्या नाहीं. तें ऊन घेतें आणि तापतें. वाशिमचा वैशाख ३७ अंशांवर थांबत नाहीं. तो चाळिशी सहज ओलांडतो. आणि दर वीस मिनिटांनीं अंगणावर शिंपडण्याइतकें पाणी एकबुर्जीच्या तलावांतून आणावयाचें तरी कसें?

हे आंकडे मीं घरांत सांगितले. भाचा म्हणाला, ‘मामा, अमेरिकेचें अमेरिकेला, आपण इथेंच पाहूं.’ मला त्याचें बोलणें आवडलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं हौदाच्या कांठीं चार नमुने उन्हांत मांडले. दुकानदारानें दिलेला हिरवळीचा चौकोनी तुकडा, घमेलेंभर काळी गिट्टी, फिकट रंगाची एक खरबरीत फरशी, आणि कुंडींत लाविलेली साधी हरळी. दुपारीं दोन वाजतां एकेकावर हाताची पाठ टेंकवून पाहिली. हरळी कोमट होती. फिकट फरशी तापली होती, पण हात ठेववत होता. गिट्टीवर तो फार वेळ ठेववेना. हिरवळीवर तो टेंकतां क्षणींच मागें आला.

इतक्यांत अक्का ताकाचे पेले घेऊन बाहेर आली. आम्ही वादांत गुंतलों होतों. ती ऐकत उभी राहिली. तिनें पायांतल्या चपला दाराशींच काढल्या होत्या, आणि ती उभी होती ती नेमकी त्या हिरव्या तुकड्यावर. ‘किती मऊ आहे रे हें,’ ती कौतुकानें म्हणाली. मी ओरडलों, ‘अक्का, पाय काढ!’ तिनें आश्चर्यानें माझ्याकडे पाहिलें. ‘कां रे? मला तर कांहींच लागत नाहीं.’

मधुमेहानें तिच्या तळपायांची संवेदना हळूहळू नेली होती, हें त्या क्षणापर्यंत घरांत कोणालाच नीट उमगलें नव्हतें. तिलाही नाहीं. रात्रीं तळवा लाल दिसला, सकाळीं मोठा फोड आला. जखम भरावयास पांच आठवडे लागले, आणि ते पांच आठवडे डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जी काळजी होती, ती मी विसरलों नाहीं. अशा रोग्याच्या पायाची लहानशी जखमही चिघळून बोटावर किंवा पावलावर बेतूं शकते. ज्या पायांसाठीं हौद बांधला, त्या पायांनाच हौदाचा कांठ घातक ठरणार होता. आणि तो कांठ दिसावयास किती रमणीय दिसला असता!

त्या दिवशींचा प्रयोग मात्र आम्हीं अर्ध्यावर सोडला नाहीं, आणि संध्याकाळीं एक वेगळीच गोष्ट दिसून आली. तिसऱ्या प्रहरानंतर घराची सांवली परसावर आली. सांवली पडल्यावर हिरवळ अर्ध्या तासांत निवली. गिट्टी मात्र दिवेलागणीनंतरही ऊन होती. याचें कारण साधें आहे. प्लास्टिकचें पातें पातळ. त्यांत उष्णता सांठवावयास जागा नसते. तें चटकन् तापतें आणि चटकन् निवतें. दगड सावकाश तापतो, आणि दिवसभर घेतलेली उष्णता रात्रीं सावकाश सोडतो. म्हणजे भर दुपारीं जी हिरवळ सर्वांत वाईट, तीच संध्याकाळीं मुलांना खेळावयास सर्वांत सुखाची. गुण आणि दोष एकाच वस्तूचे. मधें फक्त वेळ बदलली.

तेव्हां मला बालाजीच्या तलावाच्या दगडी पायऱ्या आठवल्या. तो दगडही काळाच. दुपारीं तोही पाय भाजतो. परंतु स्नानाला येणारा माणूस सूर्योदयाच्या सुमारास येई. रात्रभरांत दगड थंड झालेला असे. पाऊल घट्ट बसावें म्हणून पायऱ्या रुंद केलेल्या. सैल दगड नाहीं, मातीचा चिखल नाहीं. त्या बांधणाऱ्यांनीं कोणत्या वेळीं, कोणाचा पाय येथें पडेल, हें आधीं ठरविलें आणि मग भूमि घडविली. आपण आधीं दुकानांत जाऊन नमुना पसंत करतों आणि पायाचा विचार मागाहून करतों.

आम्हीं अखेर काय केलें, तें सांगतों. हौदाच्या चारी बाजूंनीं दीड मीटर रुंदीची, फिकट रंगाची, खरबरीत फरशी बसविली. तिला उतार दिला तो हौदाकडे नव्हे, बाहेरच्या अंगाला. म्हणजे पायांबरोबर आलेली धूळ पुन्हां पाण्यांत जात नाहीं. फरशीच्या पलीकडे, घराच्या बाजूला, जेथें तिसऱ्या प्रहरापासून सांवली असते, तेवढ्याच पट्ट्यावर कृत्रिम हिरवळ घातली. तेथें नातवंडें संध्याकाळीं लोळतात. परसाच्या टोंकाला जें निंबाचें झाड आहे, त्याच्या भोंवतीं गिट्टी उघडी ठेविली. फरशीवरून वाहिलेलें आणि पागोळ्यांचें पाणी तेथें जाऊन जिरतें. गिट्टी घरंगळूं नये म्हणून तिच्या कडेला पक्की दगडी पट्टी बसविली, आणि तिन्हीसांजेनंतर त्या बाजूला अनवाणी जावयाचें नाहीं, असा नियम केला. उन्हाळ्यांत सकाळीं दहापासून तिसऱ्या प्रहरापर्यंत हिरवळीवर कोणींही उघडा पाय टाकावयाचा नाहीं, हा दुसरा नियम. अक्का आतां सकाळीं सात वाजतां पाण्यांत उतरते. पट्टे असलेल्या चपला ती शेवटच्या पायरीपर्यंत काढीत नाहीं, आणि रोज रात्रीं सूनबाई तिचे तळवे दिव्याखालीं निरखून पाहते.

ज्यांना हिरवळ घालावयाची आहे, त्यांना आणखी दोन गोष्टी सांगतों. दिवाळींत फटाक्याची एक ठिणगी तिला कायमचें भोंक पाडते. आणि मोठ्या कांचेच्या खिडकीवरून परतलेलें ऊन एकाच जागीं पडत राहिलें, तर पातीं वितळतात. दुसरें म्हणजे, ती अमर नाहीं. साधारण दहा वर्षांच्या आसपास पातीं झिजतात, तुटतात, आणि मग उरतो तो प्लास्टिकचा मोठा गुंडाळा. त्याचे सूक्ष्म कण मातींत व पाण्यांत जातात. क्रीडांगणांवरील कृत्रिम गवतांत जे प्लास्टिकचे बारीक कण भरतात, त्यांच्या विक्रीवर आठ वर्षांच्या मुदतीनें बंदी घालण्याचा नियम युरोपीय संघानें २०२३ सालीं केला. घरीं भरावयाचेंच असेल, तर स्वच्छ वाळू भरावी. आणि तुकडा जितका लहान, तितका बरा.

एक गोष्ट मात्र हिरवळ व गिट्टी या दोहोंहून मोठी आहे. ती म्हणजे कुंपण. आपल्या शेतकऱ्यांनीं मोठ्या कष्टानें शेततळीं खणलीं. पण त्यांच्या प्लास्टिकच्या अस्तरावरून पाय निसटून मुलें बुडाल्याच्या बातम्या अजूनही वाचाव्या लागतात. हौद परसांत असो वा शेतांत, त्याच्या भोंवतीं मुलाला उघडतां न येणारें दार आणि चढतां न येणारें कुंपण आधीं असावें. खालीं काय अंथरावें हा प्रश्न त्यानंतरचा.

दुकानांत जो नमुना आपल्यापुढें ठेवितात, तो सांवलींत ठेवलेला असतो आणि आपण तो हाताच्या बोटांनीं कुरवाळून पाहतों. माझी विनंति एवढीच कीं तो तुकडा घरीं आणावा, आपल्याच अंगणांत, आपल्याच उन्हांत, दुपारीं दोन वाजेपर्यंत ठेवावा, आणि मग त्यावर हाताची पाठ टेंकवून पाहावी. पाय मात्र टेंकवूं नये. आणि घरांत मधुमेह असलेलें कोणी वडील माणूस असेल, तर ‘मला कांहींच लागत नाहीं’ या त्यांच्या शब्दांवर विसंबूं नये. त्यांचे तळवे आज रात्रींच दिव्यासमोर धरून पाहावे.